पिवळ्या दोऱ्याचा प्रयोग

जनकोजीरावांच्या कल्याण मंडपात शिरलं की डाव्या हाताला मॅनेजरची खोली लागते आणि त्या खोलीच्या भिंतीवर एक यादी टांगलेली असते. आचारी, फुलवाला, नादस्वरमवाले, फोटोवाला, जनरेटरवाला, दाराशी केळीचे खुंट बांधणारा. मंडप चेन्नईच्या अड्यारमध्ये, अगदी मोक्याच्या जागी. वर्षातले मुहूर्ताचे सगळे दिवस आधीच लागलेले. मंडप घेणाऱ्याने माणसं या यादीतलीच घ्यायची असा तिथला नियम. त्यामुळे एकदा यादीत नाव चढलं की उरलेल्या आयुष्यात काळजी म्हणून करायची नाही. नादस्वरम, म्हणजे इथली लांब सनई, वाजवणारे थोरले विद्वान सहा वर्षांपूर्वी वारले, तरी त्यांचं नाव अजून यादीत आहे आणि त्या नावावर त्यांचा मुलगा वाजवतो. मेल्यानंतरही काम मिळत राहील अशी सोय सरकारी नोकरीतसुद्धा नाही.

गंधार टिकेकरला या यादीत चढायचं होतं. 'जादूगार' असा नवा रकाना पाडून, क्रमांक एकवर.

गंधार आधी अंबत्तूरला गाड्यांचे ब्रेक तपासायचा. दीड वर्षापूर्वी त्याने ती नोकरी सोडली आणि धंदेवाईक जादूगार झाला. जादूगार होणं सोपं असतं हो. कठीण असतं ते पुढच्या महिन्यातही जादूगार राहणं. एका मुलाचा वाढदिवस झाला की तीन आठवडे फोनकडे बघत बसायचं. मग एखाद्या मॉलमध्ये बोलावणं यायचं आणि तिथे एस्कलेटरच्या तोंडाशी उभं राहून, वर जाणाऱ्या माणसांना ती वर पोचेपर्यंत जादू दाखवायची. अशात अंबत्तूरच्या जुन्या साहेबांचा, नवीनसरांचा, फोन आला. "गंधार, तुझी जागा पुन्हा निघाली आहे. सोमवारपर्यंत थांबतो. मग दुसरा माणूस घेतो." सावनी, म्हणजे गंधारची बायको, शेजारीच होती. तिने सगळं ऐकलं आणि भेंडी चिरत राहिली. बायको भांडली तर नवऱ्याला उत्तर देता येतं. भेंडी चिरणाऱ्या बायकोला काय उत्तर देणार? गंधारने त्या क्षणी ठरवलं की सोमवारच्या आत यादी गाठायची, नाहीतर टोपी काढून ठेवायची आणि पुन्हा ब्रेक.

मंडपाची वाट दाखवली ती कामाक्षी मामींनी. मामी वेलचेरीला गंधार-सावनीच्याच इमारतीत समोरच्या दाराआड राहत आणि दार कायम उघडं ठेवत. जिन्यात कोण चढतंय, कोणाच्या पिशवीत काय आहे, हे कळल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. मामी तमिळमध्ये बोलत. गंधारला त्यातलं एक तृतीयांश कळे, सावनीला सगळं कळे, आणि ती भाषांतर करताना आपल्या पदरचं थोडं घाली.

"जनकोजीराव तुमच्यापैकीच आहेत," मामी म्हणाल्या. "तंजावूर मराठी. त्यांना साठ पुरतायत शुक्रवारी. माझी बहीण त्यांच्या घरी वीणा शिकवायची. मी सांगते, पण तंबी, बाळा, आधी ती दाढी काढ. दाढीवाल्याला लोक शुभकार्यात बोलावत नाहीत. आणि तो काळा कोट कशाला? तांबडा घाल. काळ्याने सगळं बिघडतं."

"जादूगाराचा कोट काळाच असतो, मामी. आत वस्तू दिसत नाहीत."

"तांबड्यात दिसतात का?"

दाढी गेली. कोटाला आतून तांबडं अस्तर लावण्यावर तडजोड झाली.

दुसरा सल्ला सावनीच्या ऑफिसातल्या कुशलचा. हा कुशल स्वतः कधी कंपनीच्या बाहेर एक दिवसही जगला नव्हता, आणि त्यामुळे धंदा कसा करावा याबद्दल त्याची मतं फार पक्की होती. "सिग्नेचर प्रयोग पाहिजे तुझा," तो म्हणाला. "आणि तो लोकल पाहिजे. ससा नको. चेन्नईत ससा कोण बघतंय?" गंधारने दोन दिवस विचार केला आणि त्याला खरोखरच सुचलं. इथल्या समारंभातून निघताना प्रत्येक पाहुण्याला एक पिवळी पिशवी देतात. तिच्यात नारळ, विडा, एखादं केळं. तर यजमानांची एखादी जिव्हाळ्याची वस्तू घ्यायची, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गायब करायची, आणि शेवटी ती पाहुण्याच्या पिशवीत नारळाखाली सापडायची! प्रयोग उत्तमच होता. आजही तो उत्तमच आहे, हे या ठिकाणी गंधारच्या बाजूने नमूद करून ठेवलं पाहिजे.

जनकोजीरावांनी त्याला ओसरीवर बसवून घेतलं. माणूस उंच, कपाळाला गंध, आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा, आणि जुन्या वळणाच्या मराठीत मध्येच तमिळ 'पा', म्हणजे 'बाबा', घालायची सवय.

"तुम्ही कोठले?"

"इचलकरंजीचा."

"तें कोठें आलें?" असं विचारून त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "आमचे घरीं तीनशें वर्षांपासून मराठी आहे, पा. तुमची मराठी नवी. ऐकून गंमत वाटत्ये. सरि, ठीक आहे. शुक्रवारीं मजला साठ पुरतात. शास्त्राप्रमाणें बायकोशीं पुन्हा लग्न लावायचें. तेव्हां तुम्ही तुमची विद्या दाखवा. माणसें खूष जाहलीं तर गिरीधर नांव लिहील यादींत. नाहीं जाहलीं तर जेवून जा."

आतून त्यांच्या पत्नी राजसबाई कॉफी घेऊन आल्या. "भिऊं नको रे," त्या गंधारला म्हणाल्या. "हे सगळ्यांस असेंच बोलतात. चाळीस वर्षें मजशींही असेंच."

भ्यायचं कारण जनकोजीराव नव्हतेच. ते होतं मॅनेजर गिरीधर. गिरीधरचा जगातल्या कोणत्याही गोष्टीवर विश्वास नव्हता, फक्त तिच्या झेरॉक्सवर होता. त्याने तीन पानी फॉर्म पुढे सरकवला. व्यवसायाचा प्रकार लिहायचा होता आणि प्रकारांच्या छापील तक्त्यात जादूगार नव्हता. गंधार वॉर्डाच्या कचेरीत गेला. तिथल्या बाईंनी जाडजूड पुस्तक दोनदा उलटसुलट चाळलं आणि विचारलं, "जनावरं आहेत?"

"नाहीत."

"तंबू?"

"नाही."

"मग सर्कस. एक माणूस, जनावरांविना." आणि तसा शिक्का मारून दिला. गंधारने तो कागद घरी नेऊन कपाटात सगळ्यात खाली ठेवला, तरी सावनीने तो वाचलाच. त्या रात्री वरण वाढताना तिच्या खांद्यांवरून ती हसत असावी असं त्याला वाटलं.

मग गिरीधरला हमीपत्र हवं झालं. मजकूर त्यानेच सांगितला: मंडपाच्या मालकीची अथवा पाहुण्यांची कोणतीही वस्तू मी कायमस्वरूपी गायब करणार नाही. नोटरीने चष्मा वर करून विचारलं, "तात्पुरती करणार?" गंधार हो म्हणाला. त्यावर नोटरीने सही करायच्या आधी स्वतःचं पेन खिशात घातलं आणि गंधारच्या पेनने सही केली.

"शोला काय काय लागणार?" गिरीधरने शेवटचं विचारलं.

"एक छोटं टेबल. आणि घरातली एखादी जिव्हाळ्याची लहानशी वस्तू. पाहुण्यांमध्ये माझे लहान प्रयोग चालू असताना ती तबकात घालून कोणीतरी माझ्यासमोर आणून धरायची. मी समजून घेईन."

गिरीधरने लिहिलं: तबक, एक. "सरांचं जुनं मनगटी घड्याळ पाठवतो. पावणेदहाला."

हे सगळं इतकं नीट ठरलं होतं की गंधारला शंका यायला हवी होती.

शुक्रवारी सकाळी मंडप गच्च भरला. मुहूर्त दहा वाजेपर्यंतचा, आणि साडेदहाला राहुकाळ लागणार. राहुकाळात इथे कोणी नवा झाडूसुद्धा वापरायला काढत नाही, लग्न तर दूरच. सावनी अर्धी रजा टाकून मामींबरोबर चौथ्या रांगेत बसली होती. तिने कांजीवरम नेसली होती आणि तिचे दोन्ही हात पर्सवर घट्ट होते. गंधारने तिकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

आरंभ मात्र छान झाला. रुमालाचे रंग बदलले, एका आजोबांच्या कानातून सुपारी निघाली, लोक मान डोलावू लागले. टेबलाखाली गंधारची खुणेची पिशवी होती, बंदाला बारीक गाठ मारलेली. समोरच्या रांगेत कडेला एक लठ्ठ गृहस्थ बसले होते. त्यांचा चेहरा इतका निष्पाप होता की गंधारने त्यांनाच नक्की केलं. वस्तू निघायची ती यांच्या पिशवीत.

पावणेदहा झाले आणि खरोखरच तबक आलं. एक हसऱ्या चेहऱ्याची बाई ते रांगेरांगेतून घेऊन येत होती. प्रत्येकापुढे थांबत होती, लोक आतल्या वस्तूला हात लावून डोळ्यांना लावत होते. गिरीधरने काय छान वातावरण तयार केलंय, असं गंधारला वाटलं. बाई त्याच्यासमोर थांबली आणि तिने तबक पुढे केलं. घड्याळ नव्हतं. अक्षता, एक नारळ, आणि नारळावर हळदीत भिजवलेला पिवळा दोरा, त्यात सोन्याची दोन लहानशी पदकं. ऐन वेळी वस्तू बदललेली दिसतेय, गंधार मनात म्हणाला. चला, दोरा तर घड्याळापेक्षा सोपा.

इथे थोडं थांबायला हवं. तो दोरा म्हणजे मांगल्य होतं, इथलं मंगळसूत्र. इथल्या रिवाजाप्रमाणे ते बांधण्याआधी सगळ्या पाहुण्यांमधून फिरवतात, म्हणजे प्रत्येकाचा हात लागून आशीर्वाद मिळतो. चेन्नईतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण गंधारच्या लेखी मंगळसूत्र म्हणजे काळे मणी आणि दोन वाट्या. काळे मणी नाहीत, तर मंगळसूत्र नाही. मग चेन्नईतल्या नऊ वर्षांत त्याने एकाही बाईच्या गळ्यात पिवळा दोरा पाहिला नव्हता का? नव्हता. बायकांच्या गळ्याकडे बघू नये, असं त्याच्या आईने इचलकरंजीहून निघताना बजावलं होतं, आणि मुलगा आज्ञाधारक निघाला. संस्कार माणसाला कुठे नेऊन सोडतील सांगता येत नाही.

त्याने दोरा दोन बोटांनी उचलला, वर धरला, चारी बाजूंना दाखवला. बाई कौतुकाने हसली. पुण्याकडचे लोक फार मनापासून आशीर्वाद देतात, असं तिला वाटलं असावं. गंधारने दोरा मुठीत घेतला, मूठ फुंकली आणि उघडली.

मूठ रिकामी होती.

हॉलमध्ये शांतता पसरली. पुढच्या तीन रांगांत कोणी श्वास घेत नव्हतं. बाईचं हसू तसंच राहिलं होतं पण डोळे मोठे झाले होते. मोठमोठ्या जादूगारांना अशी शांतता मिळते असं गंधारने ऐकलं होतं. त्याला आज ती पहिल्यांदा मिळाली होती. त्याचा ऊर भरून आला. कमरेत वाकताना त्याने बाहीतला दोरा सफाईने खुणेच्या पिशवीत नारळाखाली सोडला आणि पायाने पिशवी लठ्ठ गृहस्थांच्या खुर्चीखाली सरकवली. इतकं स्वच्छ काम त्याच्या हातून याआधी झालं नव्हतं. तेवढ्यात ती बाई किंचाळली.

आता वाजंत्र्यांचं ऐका. मांगल्य बांधण्याच्या क्षणी नादस्वरम आणि तविल नावाचा ढोल जिवाच्या आकांताने वाजवायचे असतात, कोणी शिंकलं तरी ऐकू जाऊ नये म्हणून. वाजंत्री बसले होते खांबाआड. तिथून स्टेज दिसत नसे, म्हणून ते खुणेवर असत. त्यांनी किंचाळी ऐकली, पुढच्या रांगांतले वर गेलेले हात पाहिले आणि एकदम सुरू केलं. मागच्या पंधरा रांगांनी वाद्यं ऐकली आणि अक्षता उधळल्या. लागलं लग्न! वार शुक्रवार, ऑफिसं वाट बघतायत. माणसं उठली, दाराशी पिशव्या वाटणाऱ्यांवर तुटून पडली. लठ्ठ गृहस्थही उठले. त्यांनी खाली पाहिलं, पिशवी आधीच आपल्या खुर्चीखाली आहे हे बघून व्यवस्थेवर खूष झाले आणि ती उचलून चालू लागले.

स्टेजवर जनकोजीराव गळ्यात हार घालून उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या. अजून काही केलेलं नसताना अक्षता का पडतायत ते त्यांना कळेना.

गिरीधर धावत आला. त्याच्या हातात मनगटी घड्याळ असलेलं तबक होतं. 

"मांगल्य कुठे आहे?" गिरीधर ओरडला.

"कुठलं मांगल्य?" गंधार म्हणाला, पण बोलता बोलताच त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. ती हळदीने पिवळी झाली होती. त्याने लठ्ठ गृहस्थांच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी, खाली काही नाही. नऊ त्रेपन्न झाले होते.

गिरीधरने धावत जाऊन फाटक बंद करवलं. तोवर निम्मी माणसं रस्त्यावर पोचली होती, उरलेली आत अडकली आणि चिडली. जनकोजीराव स्टेजच्या कडेला आले. त्यांचा तो शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज निघेना. "कोठें ठेविलें, पा?" एवढंच ते म्हणाले. "तीस दिवस शोधून सोनार मिळाला होता. माझे आईचें मोडून केलेलें होतें."

"साहेब, ते... आमच्या विद्येचा नियम आहे. प्रयोग कसा होतो ते सांगता..." गंधार म्हणाला. खरं सांगायचं तर त्या क्षणीही त्याला यादीच दिसत होती. एकदा का जादू उघडी केली, की जादूगार म्हणून त्या माणसाला कोण बोलावणार? दीड वर्ष ज्या एका गोष्टीवर तो जगत होता, ती गोष्ट माईकवर सांगून टाकायची? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, आणि त्याचा तर हातच दाखवण्याचा धंदा.

राजसबाई पाटावरून उठल्या आणि त्याच्याजवळ आल्या. "बाळ, तुझी विद्या मोठी असेल. पण आतां सांग. मज भय वाटत्ये."

गंधारने कोट काढला. तो उलटा केला, तांबडं अस्तर बाहेर, आणि परत अंगात घातला. मग स्टेजवर चढून माईक हातात घेतला आणि आपलं तमिळ एक तृतीयांशच आहे हे त्याला आठवलं. माईकमधून नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. चौथ्या रांगेतून सावनी उठली, स्टेजवर आली आणि तिने दुसरा माईक घेतला. "तू मराठीत बोल," ती म्हणाली. "मी सांगते."

"दोरा मी उजव्या हातात घेतला," गंधार म्हणाला.

सावनीने तमिळमध्ये सांगितलं.

"पण मी डाव्या हाताकडे बघितलं. म्हणून तुम्हीही सगळे डाव्या हाताकडे बघितलंत."

सावनीने सांगितलं, आणि मागे कोणीतरी खुदकन हसलं. ज्या आजोबांच्या कानातून सुपारी निघाली होती त्यांनी घाईने दुसरा कान तपासला.

"तेवढ्यात उजव्या हाताने दोरा इथे गेला." त्याने बाहीच्या आतला चोरकप्पा ओढून बाहेर काढला. त्याबरोबर तीन रुमाल, एक रबरी लिंबू, सात सुपाऱ्या आणि स्पंजचा चेंडू स्टेजवर पडला. चेंडू उड्या मारत गुरुजींच्या होमापर्यंत गेला. "मग वाकून नमस्कार करताना... म्हणजे मला वाटलं तुम्हांला आवडलं, म्हणून मी वाकलो..."

इथे सावनीने आपल्या पदरचं थोडं घातलं. काय घातलं ते त्याला कळलं नाही, पण हॉलमध्ये हास्याचा स्फोट झाला. फाटकाशी चिडून उभे असलेले लोकही पाहायला परत आत आले. गंधार घामाने निथळत होता. उलट्या कोटात, पिवळ्या बोटांनी, तो एकेक खिसा काढून दाखवत होता आणि तीनशे माणसं डोळ्यांतून पाणी काढत होती. त्याच्या आयुष्यात एवढं कोणी हसलं नव्हतं, आणि त्याच्या आयुष्यात त्याला एवढं रडू आलं नव्हतं.

"...आणि गाठ मारलेली पिशवी कडेच्या जाड्या काकांच्या खुर्चीखाली."

आत उरलेल्यांनी पिशव्या उपड्या केल्या. शे-दीडशे नारळ हॉलभर घरंगळले, दोन मामा त्यांवरून पडले. मांगल्य नव्हतं. जाडे काका केव्हाच गेले होते. ते कोण, कोणाकडचे, हे मुलाच्या बाजूला विचारावं तर हे लग्न असं की दोन्ही बाजू एकच. दहा वाजून गेले. गुरुजी घड्याळाकडे बघून ओठ चावू लागले. साडेदहापर्यंत ओढूनताणून चालेल म्हणाले, पुढे नाही.

तेव्हा राजसबाई म्हणाल्या, "हळकुंड आणा."

"अक्का, सोन्याचं..." गुरुजी चाचरले.

"सोनें नव्हतें तेव्हां बायकांचीं लग्नें होत नव्हतीं काय? पिवळ्या दोऱ्यास हळकुंड बांधा. शास्त्रास चालतें. आणि यांचें जुनें मांगल्य चाळीस वर्षें गळ्यांत आहेच माझे. तें कोणी गायब करूं शकलें नाहीं, हे स्वतःही नाहीं."

हळकुंड स्वयंपाकघरात होतंच. दहा वाजून एकवीस मिनिटांनी जनकोजीरावांनी ते बांधलं. वाजंत्री मात्र काही केल्या वाजवेनात. थोरल्या विद्वानांचा मुलगा स्वतः खांबाआडून उठून स्टेजवर आला, वाकून गाठ डोळ्यांनी पाहिली, मग जाऊन बसला आणि मग वाजलं.

जेवणं चालू असताना जाडे काका परत आले. स्वतःहून नव्हे; त्यांच्या पत्नीने त्यांना दंड धरून आणलं होतं. घरी जाऊन नारळ काढायला पिशवीत हात घातला तर निघालं मांगल्य. हे कोणाचं, असा साधा प्रश्न त्या बाईंनी विचारला, आणि काका म्हणाले, "मला माहीत नाही." या उत्तराने जगात कोणत्याही बाईचं समाधान झालेलं नाही. गंधारला केळीच्या पानावरून उठावं लागलं. पुन्हा कोट उलटा, पुन्हा बाही, पुन्हा सावनी. पंगतीतल्या लोकांनी हातातला रसम थांबवून पुन्हा सगळं पाहिलं आणि पहिल्यापेक्षा जास्त हसले. काकांच्या पत्नीची खात्री पटली. काकांनी गंधारचे दोन्ही हात धरून आभार मानले.

सोनं राजसबाईंच्या हातात आलं तेव्हा जनकोजीरावांना आवाज परत सापडला. "गिरीधर! यादींत नांव घाल याचें." मग थोडं थांबून म्हणाले, "वेळ पण घाल. मांगल्य बांधून जाहल्यावर."

गिरीधरने लिहिलं. क्रमांक एक, जादूगार, फक्त मांगल्यधारणानंतर. खाली सर्कसच्या परवान्याचा नंबर.

शनिवारी सकाळपासून फोन सुरू झाले. तांबरमचा एक, अण्णानगरचे दोन, मैलापूरहून तर चक्क बारशाचं बोलावणं. सगळ्यांना एकच हवं होतं. जादू नको, ती उघडी पाडा. ते उलट्या कोटाचं करा. बाईसाहेबांना तमिळ सांगायला आणा. मैलापूरचे म्हणाले, "सर, मध्ये तुम्हांला रडू येतं ना, ते ठेवा."

गंधार फोन ठेवून आरशासमोर उभा राहिला. आयुष्यभर त्याला एक गूढ माणूस व्हायचं होतं. लोकांनी विचारावं, हे कसं केलंस, आणि त्याने नुसतं हसावं. आता लोक विचारणार नव्हते, त्यांना सगळं माहीत होतं. विनोदी माणूस म्हणून आपण जगायचं? तेही सावनीने रजा टाकली तरच? आणि काल जी खरी भीती वाटली ती दर शुक्रवारी कुठून आणायची? "सावनी," तो स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाला, "मी नवीनसरांना फोन करतो. ब्रेक तपासणं बरं. निदान तिथे कोणी हसत नाही."

सावनी कणीक मळत होती. "त्यांना मी सकाळीच फोन केला," ती म्हणाली. "तू येत नाहीस म्हणून सांगितलं."

"मला न विचारता?"

"काल तीनशे माणसांसमोर तुझ्या बाहीतून सात सुपाऱ्या पडल्या. सगळा मंडप आपल्यावर हसत होता, म्हातारा-म्हातारी रडायच्या बेतात होते. आणि घरी येताना रिक्षात तू मला काय विचारलंस आठवतंय? 'सावनी, पण मूठ उघडली तेव्हा कोणाला बाहीतलं दिसलं नाही ना?'" तिने कणकेवर पाण्याचा हात फिरवला. "ज्या माणसाला अशा वेळी हे सुचतं, त्याच्या हाती मी लोकांचे ब्रेक देणार नाही."

गंधारने शर्टाची उजवी बाही ओढून पाहिली.

"दिसलं नाही ना पण?" त्याने विचारलं.

"चौथ्या रांगेतून तरी नाही," सावनी म्हणाली. "जा, तो फोन परत वाजतोय."